जयगड खाडीच्या दोन्ही अंगांचे किनारे

सह्याद्रीत उगम पावलेली शास्त्री नदी संगमेश्वरावरून पश्चिमेला वाहत येते आणि जयगडापाशी समुद्राला मिळते. तिच्या या रुंद, खोल मुखालाच जयगडची खाडी म्हणतात. खाडीच्या दक्षिण तीरावर रत्नागिरी तालुक्यातले जयगड आहे, तर समोर उत्तर तीरावर गुहागर तालुक्यातले तवसाळ. जयगडाच्या दक्षिणेला आरे-वारेपर्यंत आणि तवसाळच्या उत्तरेला गुहागरपर्यंत लहानमोठ्या अनेक पुळणी आहेत. कुठे वाळू पांढरट आहे, कुठे काळपट. कुठे तासभर चालले तरी पुळण संपत नाही, तर कुठे दोन कातळांच्या बेचक्यात ती जेमतेम मावते. काही ठिकाणी गुडघाभर पाण्यात मुले निर्धास्त खेळतात आणि काही ठिकाणी तेवढ्याच पाण्यातून माणूस ओढला जातो. हे वेगळेपण मुख्यतः तीन गोष्टींनी ठरते: किनाऱ्याचा खडक, खाड्यांची मुखे आणि भरती-ओहोटी. या तिन्ही गोष्टी समजल्या की कोणत्या पुळणीवर केव्हा जावे, याचा अंदाज बांधता येतो.

किनाऱ्याची घडण

या भागाचा पाया काळ्या पाषाणाचा म्हणजे बेसॉल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हा वारंवार बाहेर पडला आणि त्याच्या थरांवर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. त्या पठाराची पश्चिमेकडची कड म्हणजे सह्याद्री आणि कडेखालचा उतार म्हणजे कोकण. उष्ण, दमट हवेत आणि मुसळधार पावसात बेसॉल्ट झिजून वरच्या अंगाला जांभा तयार झाला. जांभ्याची ही सपाट पठारे म्हणजे सडे. ते समुद्रापर्यंत पोचतात आणि तिथे कड्याच्या रूपाने तुटतात. जयगड, नांदिवडे आणि हेदवी इथली टोके अशाच तुटलेल्या सड्यांची आहेत.

दोन टोकांच्या मध्ये जिथे ओढा किंवा लहान नदी उतरते, तिथे जमीन खोलगट होते आणि समुद्र आत वळतो. लाटांचा जोर टोकांवर आदळून ओसरतो, आतल्या वळणात पाणी मंदावते आणि वाळू साचते. म्हणून इथल्या बहुतेक पुळणी चंद्रकोरीच्या आकाराच्या आहेत आणि प्रत्येक पुळण आपापल्या दोन टोकांत बंदिस्त आहे. केरळसारखी मैलोगणती सलग पुळण इथे सापडत नाही. गुहागरची सुमारे सहा किलोमीटरची पुळण त्यातल्या त्यात लांब.

पुळणीमागची गावेही एका ठरावीक क्रमाने वसली आहेत. आधी समुद्र, मग वाळू. वाळूच्या वरच्या कडेला मर्यादवेल, केवडा आणि मागाहून लावलेली सुरूची झाडे. त्यांच्या आडोशाला नारळ-सुपारीच्या वाड्या, वाड्यांना लागून घरे आणि पाखाड्या. घरांच्या पाठीशी डोंगर आणि डोंगरावर सडा. वाडीतल्या विहिरीला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोडे पाणी लागते, कारण पावसाचे पाणी सड्यातून झिरपत खाली येते आणि वाळूच्या थरात खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. किनाऱ्याला खेटून उंच बांधकाम झाले, बेसुमार उपसा झाला, तर हा तोल बिघडतो आणि विहिरी मचूळ होतात.

वाळूचा रंग

पुळणीचा रंग तिच्या वाळूत काय मिसळले आहे त्यावर ठरतो. बेसॉल्टमध्ये स्फटिक म्हणजे क्वार्ट्‌झ जवळजवळ नसतो. त्यामुळे रत्नागिरीच्या उत्तर भागातल्या वाळूत पांढरेपणा येतो तो बहुतांशी शंख-शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे. उलट बेसॉल्ट आणि जांभा झिजल्यावर त्यातली इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही जड, काळी खनिजे नद्यांवाटे समुद्रात येतात. लाट वर चढताना हलके-जड सगळेच कण आणते, पण परतताना हलके कण घेऊन जाते. जड कण मागे राहतात आणि पुळणीवर काळे पट्टे उमटतात. मालगुंड, नेवरे आणि काळबादेवीच्या किनाऱ्यांवरच्या इल्मेनाइटचा भूवैज्ञानिकांनी बराच अभ्यास केला आहे. याच खनिजापासून टायटॅनियम मिळते. रत्नागिरी शहराला लागून असलेल्या मांडवीची वाळू काळी असण्याचे कारणही हेच. सिंधुदुर्गात गेले की खडक बदलतो. ग्रॅनाइटी आणि वालुकाश्मी खडक सुरू होतात आणि मालवण-वेंगुर्ल्याकडची वाळू अधिक उजळ दिसते.

जगात इतरत्रही हाच नियम लागू पडतो. ग्रीसच्या सांतोरिनी बेटावरचे पेरिसा आणि कामारी हे किनारे काळे आहेत, कारण ते बेट ज्वालामुखीचे आहे. त्याच देशातल्या झाकिन्थोस बेटाचा खडक चुनखडीचा असल्यामुळे तिथले किनारे पांढरे दिसतात.

भरती-ओहोटी आणि तिथी

ग्रीक बेटांवर जाणाऱ्या माणसाला भरतीची वेळ पाहावी लागत नाही. भूमध्य समुद्र जवळजवळ चहूबाजूंनी बंद असल्यामुळे तिथे भरती आणि ओहोटीच्या पातळीतला फरक बहुतेक ठिकाणी फूटभराच्या आतच असतो. सकाळी पाहिलेली पुळण संध्याकाळीही तेवढीच असते. जयगडच्या किनाऱ्यावर तसे नाही. इथे उधाणाच्या दिवसांत हा फरक दोन ते अडीच मीटरच्या आसपास जातो. पुळणीचा उतार मंद असेल तर पाण्याची उंची एवढी बदलल्यावर पाण्याची कड कितीतरी मीटर पुढेमागे सरकते. सकाळी जिथे बैलगाडी चालली असती, तिथे दुपारी कमरेएवढे पाणी असू शकते.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते. तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही मोठी असते. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात येते आणि चढउतार कमी होतो. याला भांगाची भरती म्हणतात. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात आणि भरतीची वेळ दररोज सुमारे पाऊण तासाने, किंचित जास्तच, पुढे सरकते.

या पाऊण तासावरूनच किनाऱ्यावरच्या लोकांचा एक जुना हिशेब आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हा हिशेब सारखाच लागू पडतो. वारा, किनाऱ्याचा आकार आणि खाडीतले अंतर यांमुळे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे होडी न्यायची असेल तर छापील कोष्टकच पाहावे लागते. फिरायला जाणाऱ्याला मात्र पाऊणपट पुरते.

या हिशेबातून काही उपयोगी गोष्टी लगेच कळतात. पौर्णिमा-अमावास्येला भरती अकरा-बाराच्या सुमारास येते, म्हणजे पाणी सर्वांत खाली जाते ते संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. उधाणाची ओहोटी असल्यामुळे पुळण त्या वेळी सर्वांत रुंद असते. सूर्यास्ताच्या वेळी लांबवर चालायचे असेल तर हे दिवस उत्तम. अष्टमीला उलट होते. संध्याकाळी सहाला भरती असते आणि पुळणीचा बराच भाग पाण्याखाली जातो. संकष्टीला भरती दुपारी तीनच्या सुमारास येते. अंगारकीला गणपतीपुळ्याला दर्शन आणि जेवण आटोपून भाविक समुद्रात उतरतात ती वेळ बहुधा हीच असते, आणि म्हणून त्या दिवशी विशेष जपावे लागते.

वर्षाचे चक्र

ग्रीक बेटांवर किनाऱ्याचा हंगाम मे ते ऑक्टोबर. त्यातही जुलै-ऑगस्ट हे गर्दीचे महिने, आणि त्याच काळात एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा कोरडा वारा वाहतो. कोकणात नेमक्या याच महिन्यांत समुद्र बंद असतो. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे उंच लाटा आणतात. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा काळ आणि समुद्राची स्थिती अशी दोन्ही कारणे तिच्यामागे आहेत. नारळीपौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून होड्या पुन्हा पाण्यात लोटण्याची परंपरा आहे.

पावसाळ्यात पुळणीचे रूपही पालटते. उंच, एकापाठोपाठ येणाऱ्या लाटा वाळू खरवडून आत नेतात आणि किनाऱ्यापासून काही अंतरावर पाण्याखाली तिचा बांध घालतात. ऑगस्टमध्ये काही पुळणी अरुंद आणि उभ्या उताराच्या होतात, एरवी गाडलेले कातळ उघडे पडतात. पाऊस ओसरल्यावर लांब, संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. फेब्रुवारी-मार्चपर्यंत पुळण पुन्हा भरून येते. एका पावसाळ्यात झिजलेली पुळण म्हणजे कायमची गेलेली पुळण नव्हे. मात्र बंधारे, धक्के किंवा वाळूचा उपसा यांनी हे जाणे-येणे अडले, तर गेलेली वाळू परत येत नाही.

ऑक्टोबर ते मार्च हा फिरण्याचा उत्तम काळ. ऑक्टोबरात सड्यावर गवत अजून हिरवे असते, पण दुपारचा उकाडा असह्य होतो. डिसेंबर-जानेवारीत हवा स्वच्छ असते. एप्रिल-मेमध्ये आंबा-फणसाबरोबर गर्दीही येते आणि मेच्या उत्तरार्धात समुद्र खवळू लागतो.

खाडीच्या मुखाशी

खुद्द जयगडला मोठी पुळण नाही. इथे कातळ आणि खोल पाणी आहे, आणि याच कारणाने इथे किल्ला आणि बंदर दोन्ही झाले. किल्ला विजापूरच्या अमलात उभा राहिला आणि नंतर संगमेश्वरच्या नाईकांकडे गेला. पोर्तुगीज आणि विजापूरकर यांच्या एकत्र फौजांनी १५८३ आणि १५८५ मध्ये त्यांच्यावर केलेल्या दोन्ही स्वाऱ्या नाईकांनी परतवल्या, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी तो कान्होजी आंग्र्यांच्या ताब्यात आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. बालेकिल्ला वर सड्याच्या कडेला आहे, त्याला खंदक आहे, आणि पडकोट थेट खाडीच्या पाण्यापर्यंत उतरतो. गडाच्या बांधकामासाठी जयबा नावाच्या तरुणाने आपला बळी दिला, अशी आख्यायिका गावात सांगतात. तटावरून खाडीचे मुख, पलीकडचे तवसाळ आणि तिथल्या लहानशा विजयगडाची जागा नजरेत येते. किल्ल्याजवळच्या टोकावर दीपगृह आहे.

चांगले रस्ते होण्यापूर्वी या किनाऱ्याचा मुंबईशी संबंध समुद्रावाटेच होता. पावसाळा सोडून मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरे घेत दक्षिणेकडे जात. अनेक बंदरांत आगबोट किनाऱ्यापासून दूर उभी राहायची आणि उतारूंना पडावातून काठाला आणले जायचे. १९९८ मध्ये कोकण रेल्वेची पूर्ण लांबीची वाहतूक सुरू झाली, त्याआधीच ही प्रवासी बोटसेवा इतिहासजमा झाली होती. जयगडजवळ धामणखोलच्या उपसागरात २००९ पासून जेएसडब्ल्यूचे खोल पाण्याचे बंदर आहे आणि त्याला लागून १२०० मेगावॅटचे कोळशावर चालणारे वीज केंद्र. त्यामुळे जयगडच्या टोकावर जुना किल्ला, मच्छीमारांच्या होड्या आणि मोठी मालवाहू जहाजे एकाच दृश्यात दिसतात.

दक्षिणेच्या पुळणी

जयगडहून दक्षिणेला निघाल्यावर नांदिवडे गावात कऱ्हाटेश्वराचे मंदिर लागते. ते समुद्रावर झुकलेल्या कड्याच्या अंगाला बांधलेले आहे. खाली पुळण नाही, लाटा थेट कातळावर फुटतात. मंदिराखाली गोड्या पाण्याचा झरा आहे. सड्यात मुरलेले पाणी कड्याच्या पायथ्याशी बाहेर पडते, त्याचे हे उदाहरण.

पुढे कचरे आणि उंडी-रीळ या गावांच्या शांत पुळणी आहेत. इथे दुकाने, घोडागाड्या किंवा जलक्रीडा नाहीत. खाण्यापिण्याची सोय गावातल्या घरांतून आधी सांगून करावी लागते. त्यानंतर वरवड्याची खाडी आडवी येते. खाडीच्या दक्षिणेला मालगुंड. मालगुंडची गायवाडीची पुळण लांब, सपाट आणि सुरूच्या बनाने झाकलेली आहे. मालगुंड हे कवी केशवसुतांचे, म्हणजे कृष्णाजी केशव दामले यांचे जन्मगाव. त्यांचा जन्म १८६६ चा. कोकण मराठी साहित्य परिषदेने इथे उभारलेले केशवसुत स्मारक १९९४ मध्ये खुले झाले. त्यात त्यांचे जुन्या पद्धतीचे घरही पाहता येते.

मालगुंडला लागूनच गणपतीपुळे. इथे टेकडीलाच देवाचे रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा मंदिराला घालत नाहीत, टेकडीला घालतात. ही वाट सुमारे एक किलोमीटरची आहे आणि तिचा काही भाग समुद्राच्या काठाने जातो. देऊळ पश्चिमाभिमुख असून पुळण अगदी समोर आहे. जवळच्या पुळणींपेक्षा इथे वर्दळ कितीतरी जास्त. त्याच्या दक्षिणेला भंडारपुळे, त्याहून शांत. पुढे नेवरे आणि काजिरभाटी, आणि मग आरे-वारे.

आरे आणि वारे या दोन पुळणी एका टेकडीने वेगळ्या केल्या आहेत. रस्ता त्या टेकडीवरून जात असल्याने दोन्ही चंद्रकोरी वरून एकदम दिसतात. घाटवळणावर गाड्या थांबवून लोक फोटो काढतात, ते याच ठिकाणी. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला जाणारा हा सागरी रस्ता साधारण पंचवीस किलोमीटरचा आहे. सुरूच्या बनाची सावली, मऊ वाळू आणि तुलनेने कमी दुकाने यांमुळे आरे-वारे लोकप्रिय झाले, परंतु पाण्यात उतरण्याच्या दृष्टीने ते बेभरवशाचे आहे.

उत्तरेच्या पुळणी

जयगडहून तवसाळला जाण्यासाठी फेरीबोट आहे. तिच्यात माणसांबरोबर दुचाकी, मोटारी आणि लहान बसही जातात. खाडी ओलांडायला काही मिनिटे लागतात. बोट चुकली तर आत राई-भातगावच्या पुलावरून वळसा घालावा लागतो आणि त्यात मोठा वेळ जातो.

तवसाळची पुळण खाडीच्या मुखाला लागून आहे. पुढे रोहिले आणि नरवण ही गावे, आणि त्यानंतर हेदवी. हेदवीचे दशभुज गणेशाचे मंदिर डोंगरावर आहे, तर खाली समुद्राकाठी उमा-महेश्वराचे देऊळ. त्याच्या मागे कातळात पडलेली उभी, अरुंद चीर म्हणजे बामणघळ. भरतीच्या वेळी लाट या चिरेत शिरते, पुढे जागा निमुळती होत गेल्याने पाण्याला वर जाण्याखेरीज वाट उरत नाही आणि पाण्याचा उंच खांब फुटतो. ओहोटीला इथे काहीच दिसत नाही, भांगालाही फारसे नाही. उधाणाच्या भरतीला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास दुपारी अकरा-बाराच्या सुमारास गेले तर बामणघळ खरी दिसते. कातळ शेवाळाने निसरडा असतो. चिरेच्या कडेवर जाणे जिवावर बेतू शकते.

हेदवीच्या उत्तरेला वेळणेश्वर. दोन टेकड्यांमध्ये नारळीच्या बागांनी वेढलेली ही पुळण या पट्ट्यातल्या सर्वांत सुबक चंद्रकोरींपैकी एक. गावाचे नाव ज्या शंकराच्या देवळावरून आहे, ते पुळणीला लागूनच आहे. पुढे बोऱ्या बंदर, बुधल, पालशेत आणि असगोली. बुधल ही डोंगराच्या कुशीतली इवलीशी पुळण, तर असगोली मच्छीमारांचे गाव. शेवटी गुहागर. व्याडेश्वराचे देऊळ, एका सरळ रेषेत वसलेले गाव आणि त्याला समांतर जाणारी सहा किलोमीटरची पुळण. गुहागरला मुक्काम केला तर एका दिवसात हेदवीपर्यंतचा पट्टा सहज पाहून होतो.

पुळणीवरचे जीव

ओहोटीला ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसते. वाळूतले चिमुकले खेकडे वाळू तोंडात घेऊन तिच्यातला खाद्यांश काढून घेतात आणि उरलेली गोळी करून टाकतात. पुढची भरती ही नक्षी पुसते. कातळावर कालवे चिकटलेली असतात, खाडीच्या चिखलवाळूत तिसऱ्या आणि मुळे मिळतात. ओहोटीला टोपली घेऊन ते गोळा करणाऱ्या बायका खाडीकाठी नेहमी दिसतात. किनाऱ्यावरच्या खारवी, दालदी, भंडारी अशा समाजांची मासेमारी आणि हा गोळा करण्याचा उद्योग दोन्ही भरती-ओहोटीच्या वेळांवर चालतात.

हिवाळ्यात कुरव आणि सुरय हे पक्षी थव्यांनी येतात. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड उंच झाडांवर घरटे करतो. थंडीच्या दिवसांत काही रात्री लाटांच्या कडा निळसर उजळतात. नॉक्टिल्युका नावाचे एकपेशीय जीव पाणी ढवळले की प्रकाश सोडतात, त्याचा हा परिणाम. आरे-वारे आणि रत्नागिरीजवळच्या भाट्ये परिसरात तो वेळोवेळी पाहण्यात आला आहे. चांदणे नसलेली रात्र आणि विजेचे दिवे नसलेली पुळण असेल तरच तो नीट दिसतो.

या पुळणींचे सर्वांत महत्त्वाचे पाहुणे म्हणजे ऑलिव्ह रिडले कासवे. नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्री वाळूत चढते, भरतीच्या रेषेच्या वर खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत जाते. पिल्ले बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. पूर्वी कोल्हे, कुत्री आणि अंडी चोरणारी माणसे यांमुळे बहुतेक घरटी वाया जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये मंडणगड तालुक्यातल्या वेळासला संरक्षणाचे काम सुरू केले आणि गावकऱ्यांच्या सहभागाने ते रुजले. पुढे वन विभागाच्या मदतीने गुहागर, मालगुंड आणि इतर गावांतही अंडी कुंपण घातलेल्या जागेत हलवून सांभाळली जाऊ लागली.

२०२२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर प्रथमच पाच कासवांच्या पाठीवर उपग्रह संदेशक बसवले गेले. प्रथमा, सावनी, लक्ष्मी, वनश्री आणि रेवा ही त्यांची नावे. २०२३ मध्ये गुहागरहून बागेश्री आणि गुहा सोडण्यात आल्या, आणि बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. उलट दिशेचाही पुरावा मिळाला. ओडिशातल्या गहिरमाथ्याला मार्च २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना आढळली. हे अंतर समुद्रमार्गे सुमारे साडेतीन हजार किलोमीटर होते. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे परस्परांपासून अगदी वेगळी आहेत, या समजुतीला त्यामुळे धक्का बसला.

झाकिन्थोस बेटावर लॉगरहेड जातीची कासवे अंडी घालतात. तिथे १९९९ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि विणीच्या पुळणी सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत लोकांना बंद असतात. कोकणात अशी सरसकट बंदी नाही, पण कारण तेच आहे. झगमगत्या दिव्यांनी मादी बिचकते आणि पिल्ले समुद्राऐवजी उजेडाकडे वळतात. पुळणीवर मोटार चालवली तर वाळू दाबली जाते आणि घरटे चिरडते. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची अंडी हाताळणे हा गुन्हा आहे.

पाण्यात उतरताना

कोकणातल्या पुळणींवर दरवर्षी बुडण्याचे प्रसंग घडतात आणि बुडणाऱ्यांत पोहता येणारेही असतात. यामागे बहुधा परतीच्या पाण्याची ओढ असते. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेले पाणी सगळीकडून सारखे परत जात नाही. वाळूच्या बांधात जिथे खोलगट वाट असते किंवा जिथे पुळण कातळी टोकाला भिडते, तिथून ते एकवटून वेगाने आत जाते. या जागी लाटा कमी फुटतात, पाणी शांत आणि गडद दिसते, आणि नवखा माणूस नेमकी तीच जागा पोहायला निवडतो. ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्याबाहेर पडावे आणि मग लाटांबरोबर परत यावे. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर करून मदत मागावी.

खाडीचे मुख दुसरे धोक्याचे ठिकाण. ओहोटीला खाडीतले सगळे पाणी अरुंद मुखातून समुद्राकडे धावते. जयगड आणि वरवडे इथे मुखाजवळ पोहणे म्हणूनच टाळावे. तिसरा धोका कातळांचा. ओहोटीला चालत गाठलेले टोक भरतीला बेट होते. टोकावर जाण्यापूर्वी परतीची वेळ ठरवावी लागते. पावसाळ्यात पाण्यात न उतरणे हेच शहाणपण. एरवीही स्थानिक मच्छीमार किंवा जीवरक्षक जिथे जाऊ नका म्हणतात, तिथे न जाणे, हा सर्वांत खात्रीचा नियम.

दोन दिवसांची आखणी

मुंबई-गोवा महामार्गावरच्या निवळी फाट्यावरून जाकादेवी, चाफे, खंडाळा असा रस्ता जयगडला येतो. रेल्वेने आल्यास रत्नागिरी स्थानक सोयीचे. वाटेत चवे आणि देऊड इथल्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या अशा सात ठिकाणांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत झाला. चवे-देऊड त्या सातांत नाहीत, पण समुद्राकाठच्या या पठारांवर माणूस फार प्राचीन काळापासून वावरत होता, याची साक्ष तीही देतात.

पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास दोन दिवस असतील तर पहिल्या दिवशी सकाळी जयगडचा किल्ला आणि कऱ्हाटेश्वर पाहावे, दुपारी गणपतीपुळ्याला दर्शन घ्यावे आणि संध्याकाळच्या ओहोटीला मालगुंड किंवा आरे-वारेच्या रुंद पुळणीवर चालावे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीने तवसाळला उतरून भरतीच्या वेळी हेदवी गाठावी, मग वेळणेश्वर आणि दिवस मावळताना गुहागर. अष्टमीच्या सुमारास गेल्यास क्रम बदलावा. दुपारी पाणी ओसरलेले असते, त्यामुळे पुळणीवर चालणे सकाळी उशिरा ते दुपारपर्यंत ठेवावे, संध्याकाळी किल्ला किंवा कड्यावरून सूर्यास्त पाहावा आणि बामणघळीची अपेक्षा धरू नये.